आधी कान, मग काना



या व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प गुंफायला मला बोलावलंत. माझ्या आधीचे दोन्ही वक्ते मोठे होते. मी नोकरीभर प्राथमिक शाळेचा मास्तर, त्यामुळे सुरुवात वर्गातल्यासारखीच करतो. मी एक शब्द म्हणेन. त्यात जितके तुकडे ऐकू येतील तितक्या टाळ्या वाजवा. 'बटाटा'. (श्रोत्यांच्या तीन टाळ्या.) छान. आता 'मगर'. (पुन्हा तीन टाळ्या.) ठीक आहे. या दुसऱ्या टाळ्या लक्षात ठेवा. आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत, आणि तेव्हा मी तुम्हाला नापास करणार आहे.

मगर मी उगाच निवडलेली नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. त्यात भिंतीला टेकून बसणारा एक मुलगा होता. बैलांबद्दल काहीही विचारा, तो सांगायचा. गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी माझ्या चुका काढायचा. वाचनाचा तास आला की मात्र त्याला तहान लागायची. एकदा मी त्याला फळ्यावरचा 'मगर' वाचायला सांगितला. त्याने एकेका अक्षराखाली बोट ठेवत नीट सांगितलं, "मक्याचा म, गणपतीचा ग, रथाचा र." मी म्हटलं, "शाबास. मग शब्द काय झाला?" तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मका गणपती रथ."

वर्ग हसला. मीही हसलो. त्याला बाराखडी दहा वेळा लिहून आणायला सांगितली. त्याने आणली, आणि अक्षर मोत्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा मका, गणपती आणि रथ.

शेजारच्या वर्गावर तेव्हा एक शिक्षिका होत्या, आमच्या बाई. मधल्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं, की मुलगा मठ्ठ आहे. त्यांनी डबा उघडता उघडता विचारलं, "अडतो कुठे?" म्हटलं, वाचनात. "वाचनात कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाकरी संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. आज मी जे बोलणार आहे ते त्या दुसऱ्या 'कुठे'बद्दल आहे.

त्या मुलाला मुळाक्षरं सगळी येत होती. मग त्याला येत काय नव्हतं? म हा एक आवाज आहे आणि तो दुसऱ्या आवाजाला जोडता येतो, एवढंच त्याला माहीत नव्हतं. त्याच्या लेखी म म्हणजे मक्याच्या चित्राखाली राहणारी एक आकृती होती. हे त्याला मीच शिकवलं होतं. भिंतीवरच्या त्या तक्त्याने आपलं जितकं भलं केलं तितकंच नुकसानही केलं आहे. त्यातही बाणाचा ण आणि बाळाचा ळ यांची गंमत बघा. मराठी शब्द ण-ळने सुरू होत नाहीत, म्हणून आपण त्यांना शब्दाच्या शेपटीला बसवतो. मूल बिचारं बाणाचं चित्र पाहून 'ब' म्हणतं आणि मार खातं.

आता थोडं कानाकडे वळू. आपण बोलतो तेव्हा शब्द सलग, एका श्वासात येतो. त्याचे तुकडे कुणी पाडून देत नाही. ते पाडणं हे शिकण्याचं काम आहे, आणि काही मुलांना ते फार जड जातं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला ब्रॅडली आणि ब्रायंट या दोघांनी अजून वाचू न लागलेल्या, चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांची एक साधी परीक्षा घेतली. काही शब्द ऐकवायचे आणि त्यातला वेगळा ओळखायला सांगायचा. आपल्याकडे घ्यायची तर पाणी, पाय, पान, नाक, यांत वेगळा कोणता? मग त्यांनी या मुलांवर काही वर्षं नजर ठेवली. ज्यांचा कान असा तयार होता ती पुढे वाचनातही पुढे गेली. १९८३ साली 'नेचर' या नियतकालिकात हे छापून आलं. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. कानाने कच्च्या असलेल्या काही मुलांना त्यांनी दोन वर्षं सराव दिला. काहींना नुसत्या आवाजांचे खेळ दिले, आणि काहींना त्याच खेळांबरोबर हाताळायला प्लास्टिकची अक्षरंही दिली. आवाज आणि अक्षर दोन्ही मिळालेली मुलं सगळ्यांत पुढे गेली. तेव्हा 'आधी कान' हे माझं शीर्षक अर्धंच खरं आहे, हे मी आत्ताच कबूल करतो. कान उघडला रे उघडला, की लगेच हातात अक्षर द्यायचं.

आपल्या घरांत कानाचे हे खेळ पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बडबडगीतं आहेत. एसटीत बसल्या बसल्या खेळायच्या भेंड्या आहेत, ज्यात शब्दाचं शेवटचं अक्षर कानाने पकडावं लागतं आणि ळ आला की सगळे मिळून त्याचा ल करून टाकतात. आणि च-ची भाषा. आठवते का? 'मी घरी जातो' याचं 'चीम चरीघ चातोज'. हे करताना काय होतं ते सावकाश बघा. 'मी'मधला म् काढून शेवटी नेला, त्याच्या जागी च् बसवला आणि ई जागच्या जागी ठेवली. म्हणजे व्यंजन आणि स्वर कानाने वेगळे केले. भाषाशास्त्रज्ञ ज्या कौशल्यासाठी चाचण्या तयार करतात, ते आपल्या गल्लीतली पोरं मोठ्यांपासून गुपित राखण्यासाठी करत असतात. ज्याला च-ची भाषा येते ते मूल बाराखडीत सहसा अडत नाही, असा माझा अनुभव आहे. तो माझाच अनुभव आहे, त्याला संशोधन म्हणू नका.

आता तुमच्या टाळ्या. 'मगर' पुन्हा म्हणून बघा, कागद डोळ्यांपुढे न आणता. म, गर. दोन टाळ्या. तुम्ही तीन वाजवल्यात, कारण तुम्हाला लिहिता येतं. तुम्ही कानाने मोजलं नाहीत, डोळ्याने मोजलंत. 'घर'ला एक टाळी, 'नळ'ला एक, 'कमळ'ला दोन. लिहिताना मात्र दोन, दोन आणि तीन अक्षरं. शेवटच्या अक्षरातला अ आपण लिहिण्यात धरतो आणि बोलण्यात गिळतो. ज्या मुलाचा कान शाबूत आहे ते 'मगर'ला दोनच टाळ्या वाजवणार, आणि आपण त्याला 'चूक' म्हणणार.

यातून एक गोष्ट निघते, जी मला निवृत्तीच्या जवळ येईपर्यंत कळली नव्हती. आपण ज्यांना 'साधे शब्द' म्हणून आधी शिकवतो, घर, नळ, कमळ, बदक, मगर, गवत, ते डोळ्यांना साधे आहेत. कानाला ते फसवे आहेत. उलट मामा, मामी, काका, काकी, दादा, पाणी, मासा यांत जितकी अक्षरं तितक्याच टाळ्या. पण त्यांत काना आहे, वेलांटी आहे, म्हणून आपण त्यांना पुढच्या सहामाहीत ढकलतो. त्या वेळेपर्यंत अडणारं मूल पाणी प्यायला गेलेलं असतं.

हे सुचलेला मी पहिला नव्हे, हे सांगायला हवं. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि फलटणच्याच झाल्या. शाळेतून गळालेल्या वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवत त्यांनी आपलं आयुष्य घालवलं. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला नीलेश निमकर आणि 'क्वेस्ट' संस्थेची मंडळी लहान मुलांच्या वाचन-लेखनावर बरीच वर्षं काम करत आली आहेत. मोजकी अक्षरं आणि मोजक्या मात्रा एकत्र घ्यायच्या आणि त्यांतून पहिल्या आठवड्यापासून खरे शब्द वाचायचे, ही अक्षरगटाची रीत आता पुष्कळ शाळांत पोचली आहे. तरीही पालक विचारतातच, "पण बाराखडी कधी घेणार?"

बाराखडीचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. क ते म पंचवीस, य ते ळ नऊ, म्हणजे चौतीस व्यंजनं. गुणिले बारा केले की ४०८. ॲ आणि ऑ धरले की चौदाखडी होते आणि आकडा ४७६वर जातो. जोडाक्षरं अजून दारातही आलेली नाहीत. इंग्रजीची सव्वीस अक्षरं शिकायला लागतो तेवढाच वेळ या पसाऱ्याला देऊन 'अजून येत नाही?' असं विचारणं हा अन्याय आहे. बंगळूरच्या सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. कन्नडची लिपीही आपल्यासारखीच अक्षरांची. सगळी अक्षरं नीट हाती यायला तिथल्या मुलांना चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे वाडा आणि कर्नाटकातलं यादगीर अशा दोन ठिकाणी शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीत आलेल्या मुलांचा तीन वर्षं मागोवा घेतला. तिसरी संपत आली तरी अनेक मुलं साध्या शब्दांपाशीच घुटमळत होती. २०१७ सालचा तो अहवाल प्रत्येक डीएड कॉलेजात वाचला जायला हवा होता.

मात्रांमध्येही सगळे घाट सारखे चढाचे नाहीत. काना सोपा, कारण तो जिथे ऐकू येतो तिथेच, अक्षरानंतर, दिसतो. पहिली वेलांटी मात्र अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर म्हणायची. 'विहीर' वाचताना बोट आधी वेलांटीवर पडतं, तोंडाने आधी व् म्हणायचा असतो. जे मूल बोटाने वाचतं, म्हणजे जे प्रामाणिकपणे वाचतं, ते तिथे ठेचकाळतं. शिवाय त्याच शब्दात एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ. आपण बोलताना तो फरक कितीसा पाळतो?

आणि र. या एका अक्षराने जितकी मुलं रडवली तितकी कुणी नसतील. 'सूर्य'मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, 'प्राणी'त पायात आडवा येतो, 'ट्रक'मध्ये खाली छत्री उघडतो आणि 'दुसऱ्या'त नुसती पापणी होऊन उरतो. 'च'कडे बघायचं तर 'चिंच' म्हणून पाहा. पहिला च आणि शेवटचा च एकसारखे वाजले का? अक्षर एक, आवाज दोन. हे आपल्याला कधी खटकत नाही, कारण आपण पार पोचलेलो आहोत. मुलाला ते खटकलं तर त्याचा कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण आहे.

घरची बोली हा आणखी एक वेगळा अडसर. वऱ्हाडातलं मूल 'डोया' लिहितं, आगरी-कोळी वस्तीतलं मूल ळच्या जागी ल लिहितं, आणि 'पानी' तर अर्ध्या महाराष्ट्रात पितात. ही मुलं ऐकलं तसंच लिहीत असतात. आवाजाचं अक्षर करणं त्यांना जमलेलं आहे, म्हणजे सगळ्यात कठीण काम झालेलं आहे. त्यावर लाल शाईने फुली मारली तर मूल यातून एवढंच शिकतं, की आपल्या कानावर विश्वास ठेवायचा नसतो. 'तुझ्या घरी डोया, पुस्तकात डोळा' असं म्हणून दोन्ही फळ्यावर शेजारी लिहिले की पुरतं. वारली किंवा कातकरी घरातल्या मुलाची गोष्ट याहून पुढची आहे. त्याला अक्षराआधी भाषाच नवी असते, आणि ती येईपर्यंत त्याला 'अप्रगत' म्हणणं म्हणजे पोहायला न शिकवता बुडाला म्हणण्यासारखं आहे.

आकारांबद्दल थोडक्यात बोलतो. घ-ध, भ-म, थ-य, ब-व यांची गल्लत सगळीच मुलं करतात. उलटी अक्षरं काढण्याला पालक फार घाबरतात. फ्रान्सचे मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान सांगतात, की कप डावीकडून पाहिला काय नि उजवीकडून पाहिला काय, तो कपच, हे ओळखण्याची मेंदूला जन्मजात सवय असते. वाचायला शिकताना ती सवय अक्षरांपुरती मोडावी लागते. आपल्या अंकांत ३ आणि ६ एकमेकांच्या आरशातलेच आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाने ते उलटे काढले तर काळजी नको. तेच दहाव्या वर्षी होत असेल तर बघावं लागेल. आकार हाताला कळतो, त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. १९४५ साली बोर्डीला आणि नंतर कोसबादच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शंखशिंपल्यांवर बालवाडी चालवली. आमच्या बाईंकडे चिंचोक्यांचा एक पत्र्याचा डबा असायचा. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढणं ही आपली जुनी धूळपाटीच. फक्त काढताना तोंडाने अक्षराचं नाव न घेता त्याचा आवाज काढायचा. मुक्याने गिरवलेलं अक्षर चित्र होऊन बसतं.

तुम्ही विचाराल, हे सगळं करूनही मूल अडलं तर? तर आधी कान आणि डोळे खरोखर तपासा, डॉक्टरांकडून. सर्दीने कान वाहणारं मूल प आणि ब यांतला फरक ऐकेल कसं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा अशा मुलाला रांगेत पहिलं उभं करा. तिथे काही सापडलं नाही आणि रोजच्या सरावानेही महिनोन्‌महिने गाडी हलत नसेल, तर डिस्लेक्सियाचा विचार करावा लागतो. हा नव्या जमान्याने काढलेला आजार नव्हे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा हुशार, गणितात बरा, पण स्वतःच्या नावातली अक्षरं उलटसुलट लिहायचा. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. आपल्याकडे 'तारे जमीं पर' हा सिनेमा यायला २००७ साल उजाडलं, आणि कायद्याने अध्ययन अक्षमता मान्य व्हायला २०१६. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे, याचं मोल मोठं आहे. मराठी माध्यमाच्या मुलाची परीक्षा इंग्रजीत घेतली तर त्याचं इंग्रजी कळेल, अडचण कळणार नाही.

प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षाआधी मिळत नाही, आणि ते बरोबरही आहे. पण मदतीला प्रमाणपत्र लागत नाही. सहाव्या वर्षी अडलेल्या मुलाला 'मोठा झाला की येईल' म्हणून दोन वर्षं बसवून ठेवू नका. आणि रंगीत काचांचे चष्मे, बुद्धी वाढवणारी सरबतं आणि डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग यांवर पैसे घालवू नका. पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाच्या फटीतून बघतात, एवढं पहिलीच्या मास्तरालाही कळतं.

२०२१पासून निपुण भारत अभियान आलं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं, हे त्याचं ध्येय आहे. चांगलं आहे. मुलांच्या याद्या होतात आणि त्यांत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे रकाने असतात. मूल कोणत्या पायरीवर उभं आहे ते रकान्यात कळतं. पुढची पायरी का चढत नाही, ते कळत नाही. त्यासाठी शेजारी बसून त्याला वाचताना ऐकावं लागतं, आणि चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला ती दहा मिनिटं कुणी देत नाही. ही तक्रार माझी सरकारकडे आहे, शिक्षकांकडे नाही.

ती दहा मिनिटं कशी घालवायची, ते सांगून थांबतो. बाईंनी मला दाखवलं ते असं. चिठ्ठ्यांवर फक्त म, क, काना आणि दुसरी वेलांटी घ्यायची. म आधी, कारण तो लांबवता येतो. म्म्म म्हणता म्हणता आ लावला की मुलाला जोड ऐकू येतो. क लांबवता येत नाही, तो मागाहून. मा आणि मा, मामा. आता शेवटचा काना काढ, वेलांटी लाव. काय झालं? मामी. एक खूण बदलली आणि मामाची मामी झाली, याचं मुलांना जे हसू येतं ते बघण्यासारखं असतं. तसंच काका, काकी. मग काम, मग कमी. कागदावर काही लिहायचं नाही, घरचा अभ्यास नाही. मुलाने चुकीचं वाचलं तर 'चूक' न म्हणता त्याने जे वाचलं ते चिठ्ठ्यांनी लावून दाखवायचं आणि विचारायचं, हे आणि ते सारखं दिसतं का? दहा मिनिटं झाली की मुलाला हवं असलं तरी थांबायचं.

त्या मुलाबरोबर मी ही दहा मिनिटं रोज मधल्या सुट्टीत बसलो, सुरुवातीला बाईंच्या धाकाने. पहिले पंधरा दिवस काहीच घडलं नाही. मामा आणि मामी तो चित्रासारखे पाठ करायचा. जागा बदलली की पुन्हा शून्य. नंतर एक दिवस मी म आणि का अशा दोन चिठ्ठ्या त्याच्यापुढे ठेवल्या. हा शब्द त्याने माझ्याबरोबर कधी वाचलेला नव्हता. त्याने म लांबवला, पुढे का म्हटलं, पुन्हा म्हटलं, जरा जवळ आणून म्हटलं. मग एकदम मान वर करून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, आणि परत चिठ्ठ्यांकडे.

"गुरुजी," तो म्हणाला, "मक्याचा म ह्या मक्यातच आहे?"